एका रायफलीची मालकी

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात जिम कॉर्बेट यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद आहेत. त्यांची पाने इतक्या हातांतून गेली आहेत की कडा मऊ पडल्या आहेत. एका रविवारी मिस्सेनंतर आठवी-नववीतला एक मुलगा पुस्तक परत करायला आला आणि त्याने विचारले, "फादर, वाघ मारला ती रायफल आता कुणाच्या मालकीची आहे?" त्याला तेव्हा दिलेले उत्तर फार त्रोटक होते. शिवाय मी स्वतः आयुष्यात बंदुकीचा चाप कधी ओढलेला नाही. परंतु प्रश्न मनात राहिला. मालकी म्हणजे नेमके काय, हे त्या रायफलीच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या व्याख्यानातूनही होणार नाही, असे पुढे वाचन करताना वाटू लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

रायफल तशी साधीच आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, एक नळी, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. लंडनच्या जॉन रिग्बी आणि कंपनीने ती बनवली. दस्त्यावर चांदीची एक लहान पट्टी बसवली आहे. १९०७ साली चंपावत येथे नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ही रायफल कॉर्बेट यांना भेट दिली, असा मजकूर त्या पट्टीवर कोरलेला आहे. आज तिला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत.

ही रायफल 'बोल्ट' पद्धतीची आहे. बोल्ट म्हणजे अडसर. जुन्या घराच्या दाराला आतून लोखंडी अडसर असतो. मूठ उचलून तो मागे ओढला की दार उघडते आणि पुढे सरकवून मूठ खाली दाबली की दार पक्के बंद होते. या रायफलीत नळीच्या मागच्या टोकाला असेच एक दार असते. अडसर मागे ओढला की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते. तो पुढे ढकलला की खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत जाते. मूठ खाली केली की दार बंद होते आणि रायफल पुन्हा सज्ज होते.

ही सोय माणसाला सहजासहजी मिळालेली नव्हती. त्यापूर्वीची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग बोळा, मग गोळी, आणि गजाने सगळे ठासायचे. एक बार उडाला की धुराच्या लोटात समोरचे काही दिसत नसे आणि दुसरा बार भरेपर्यंत जनावर एक तर पळून गेलेले असे किंवा अंगावर आलेले असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टींनी हे चित्र पालटले. जर्मनीतील ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल आणि विल्हेल्म माउझर या बंदूककारागीर भावांनी अडसराची रायफल सिद्ध केली आणि १८७१ साली जर्मन सैन्याने ती स्वीकारली. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू तयार केली. विल्हेल्म १८८२ मध्ये निवर्तले. पॉल यांनी मात्र सुधारणा चालूच ठेवल्या आणि १८९८ साली त्यांच्या रायफलीने जे रूप घेतले, त्यात पुढे कुणालाही मोठा बदल करावा लागला नाही. पोटात पाच काडतुसे, काडतुसाची कड नखासारखी धरून ठेवणारी पोलादी पट्टी, आणि काडतूस फुटलेच तर नेमबाजाचा चेहरा वाचावा यासाठी केलेली योजना अशी ती रचना होती. आजही जगातल्या पुष्कळ शिकारी रायफली याच रचनेच्या वंशातल्या आहेत.

अर्थात, माउझर बंधूंनी ती शिकाऱ्यांसाठी घडवली नव्हती. ती माणसे मारण्यासाठी घडवली होती. १८९८ साली क्यूबात स्पॅनिश सैनिकांच्या हाती आणि १८९९ पासून दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या हाती सात मिलिमीटरच्या माउझर रायफली होत्या. बोअरांच्या त्या रायफलींनी इंग्रज सैन्याला जबर तडाखा दिला. इतिहासाचा विनोद असा की इंग्रजांचाच एक नामांकित बंदूककार त्या जर्मन यंत्राचा विक्रेता होता. रिग्बी हे घराणे मूळचे डब्लिनचे, १७७५ साली स्थापन झालेले. जॉन रिग्बी यांनी १८८७ ते १८९४ या काळात एनफिल्ड येथील सरकारी शस्त्र कारखान्याची धुरा सांभाळली होती. त्यांच्या कंपनीने १८९८ पासून माउझरची ब्रिटनमधील विक्री हाती घेतली. सात मिलिमीटरच्या काडतुसाला इंचाच्या हिशेबाने '२७५ रिग्बी' असे नाव मिळाले आणि रणांगणावरची रायफल अक्रोडाचा सुबक दस्ता लेवून शिकाऱ्याच्या खांद्यावर आली. यंत्र तेच राहिले. बदलला तो धरणारा हात.

आता त्या हाताविषयी.

जेम्स एडवर्ड कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथील पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. आई मोठ्या कुटुंबाचा संसार उन्हाळ्यात नैनितालला आणि हिवाळ्यात कालाढुंगीला चालवीत असे. मुलाच्या हाती आलेली पहिली बंदूक ठासणीची दुनळी होती. तिची एक नळी फाटलेली होती आणि मोडका दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. म्हणजे एकच नळी, एकच बार. दारू आणि छरे मोजके. ज्याला एकच बार मिळतो तो मुलगा आधी पाहायला शिकतो. पाखरांची हाक, वानराचा इशारा, धुळीतले ठसे वाचायला शिकतो. कॉर्बेट यांच्या पुढच्या कर्तृत्वाचे मूळ त्या फाटक्या नळीत आहे, असे मला वाटते.

मोठेपणी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेच्या काठी मालाची चढउतार करून घेण्याच्या कामात वीसहून अधिक वर्षे काढली. शिकार हा त्यांचा पेशा कधीच नव्हता. तरीही १९०७ साली नैनितालच्या उपायुक्तांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त करण्याची विनंती केली, तेव्हा कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. या वाघिणीवर लावलेली सर्व बक्षिसे रद्द करावीत आणि तिच्या मागावर असलेले इतर शिकारी व शिपाई मागे घ्यावेत. दुसऱ्या अटीमागे सावधपणा होता. रानात दुसऱ्याची गोळी चुकून आपल्याला लागू नये. पहिल्या अटीमागे मात्र स्वाभिमान होता. पैशासाठी जनावर मारणाऱ्यांत आपली गणना व्हावी, हे त्यांना मान्य नव्हते.

कॉर्बेट यांच्या नोंदीप्रमाणे या वाघिणीने नेपाळात दोनशे माणसे मारली होती आणि तेथून हुसकावली गेल्यावर कुमाऊँत येऊन एकूण आकडा ४३६ वर नेला. ते पाली गावी पोहोचले तेव्हा गावकरी पाच दिवस दारे लावून घरात बसून होते. पुढे चंपावतजवळ एका तरुण मुलीचा बळी गेला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तेथील तहसीलदाराने हाका करण्यासाठी २९८ माणसे गोळा केली.

या ठिकाणी इतिहासाची एक बाजू नजरेआड करून चालणार नाही. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीय माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची बंदी केली होती, तर युरोपियनांना त्यातून सूट होती. म्हणजे ज्याच्या दारी वाघीण येत होती त्याच्या हाती कोयता आणि ज्याच्या दारी ती येण्याची शक्यता नव्हती त्याच्या भिंतीवर बंदूक. चंपावतच्या तहसीलदाराने त्या दिवसापुरता यावर तोडगा काढला. विनापरवाना बंदुकांकडे आपण काणाडोळा करू आणि लागेल त्याला दारूगोळाही देऊ, असे त्याने जाहीर केले. मग दडवून ठेवलेल्या किती तरी जुनाट बंदुका खांद्यावर टाकून माणसे आली. कॉर्बेट यांना मिळालेल्या त्या सुरेख रायफलीचे कौतुक करताना, ही गंजलेली हत्यारे घेऊन डोंगराच्या माथ्यावर उभी राहिलेली माणसे आपण विसरू नयेत.

हाका सुरू झाला, वाघीण खाली आली. कॉर्बेट यांच्याजवळ दुनळी रायफल आणि मोजकी तीन काडतुसे होती. ती संपली, वाघीण जखमी झाली, पण पडली नाही. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराचीच बंदूक मागून घेतली आणि जवळ जाऊन शेवटचा बार टाकला. तो बार तिच्या पंजाला चाटून गेला होता. ती आधीच्या जखमांनीच मेली. पुढे नैनितालच्या दरबारात ह्युएट यांनी तहसीलदाराला बंदूक आणि कॉर्बेट यांच्याबरोबर निर्भयपणे रानात गेलेल्या ग्रामस्थाला शिकारी चाकू भेट दिला. या दोन भेटींची नोंद कॉर्बेट यांनी आपल्या लेखनात आवर्जून केली आहे. स्वतःच्या रायफलीचा गाजावाजा तेथे नाही.

पण या कथेचा खरा गाभा वाघीण मेल्यानंतरचा आहे. कॉर्बेट यांनी तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, तर खालचा थेट हाडापर्यंत. ही जुनी दुखापत बंदुकीच्या गोळीची होती. त्या सुळ्यांवाचून तिला आपली नैसर्गिक शिकार मारता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वाचकहो, येथे थोडे थांबू या. कधी तरी कुठे तरी एका शिकाऱ्याने एक बार टाकला. तो वर्मी लागला नाही. जनावर रक्ताळलेल्या तोंडाने झाडीत शिरले आणि शिकारी घरी परतला. त्याच्या लेखी ती गोष्ट तेथे संपली. प्रत्यक्षात ती तेथे सुरू झाली होती आणि तिचा शेवट ४३६ चितांनंतर झाला. चांदीची पट्टी लावून कॉर्बेट यांना जे पारितोषिक मिळाले, ते एका अर्थी दुसऱ्या कुणाच्या तरी बंदुकीने करून ठेवलेले कर्ज फेडल्याचे होते.

वाघ नरभक्षक का होतो, याविषयी कॉर्बेट यांनी जे लिहिले आहे, त्यात पहिल्या क्रमांकाचे कारण हेच आहे. निष्काळजीपणे टाकलेला बार आणि जखमी जनावराचा माग काढून त्याला न संपवणे. साळिंदराच्या काट्यांनी झालेल्या जखमा आणि म्हातारपण ही कारणे त्यानंतरची. म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक दंडक पाळला. जखमी केलेल्या जनावराला सोडून घरी जायचे नाही. मग रात्र होवो, पाऊस पडो वा जीव धोक्यात येवो. १९२९ साली तल्लादेश भागातल्या वाघिणीच्या मागे ते गेले तेव्हा, सोबत्याच्या रायफलीचा बार कानाजवळ उडाल्याने त्यांच्या कानाचा पडदा फाटलेला होता आणि जखम चिघळलेली होती. तशाही अवस्थेत त्यांनी त्या जखमी वाघिणीचा पिच्छा सोडला नाही.

भेट मिळालेल्या रायफलीची सर्वांत कठीण परीक्षा रुद्रप्रयागला झाली. केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रामार्गावर एका बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. या बिबट्याला माणसाची चटक कशी लागली? १९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत माणसे इतकी मेली की दहनालाही कुणी उरले नाही. प्रेताच्या तोंडात निखारा ठेवून ते दरीत लोटले जाई. हे मूळ कॉर्बेट यांनी सांगितले आहे. पुढे १९२१ साली दोन तरुण इंग्रजांनी अलकनंदेच्या झुलत्या पुलावर रात्री पाळत ठेवून या बिबट्यावर गोळी झाडली. गोळी पंजाला लागली. बिबट्या निसटला आणि त्यानंतर आणखी पाच वर्षे माणसे मारीत राहिला. पुन्हा तेच. अर्धवट राहिलेली गोळी!

गढवालमध्ये तेव्हा बंदुकींचे सुमारे चार हजार परवाने होते आणि या बिबट्यासाठी तीनशेहून अधिक विशेष परवाने देण्यात आले, असे कॉर्बेट नोंदवतात. बंदुका वाढल्या म्हणून बिबट्या मेला नाही. तो मेला एका माणसाच्या सोशिकपणाने. १९२५ च्या शरद ऋतूत कॉर्बेट तेथे गेले, थकून परतले, पुढच्या वसंतात पुन्हा गेले. गोलाबराई येथे यात्रेकरूंच्या धर्मशाळेजवळच्या आंब्यावर त्यांनी दहा रात्री जागून काढल्या. अकराव्या रात्री खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घंटा एकदम वाजली. रायफलीला जोडलेल्या विजेरीचे बटण त्यांनी दाबले, क्षणभर उजेड पडला, माशी बिबट्याच्या खांद्यावर टेकलेली दिसली आणि त्यांनी चाप ओढला. विजेरी लगेच विझली. उरलेली रात्र गोळी लागली की नाही हे न कळता काढावी लागली. सकाळी बिबट्या मेलेला आढळला. त्याच्या मागच्या पंजावर १९२१ च्या गोळीचा जुना व्रण होता.

बोल्टच्या रायफलीविषयी जाणकार एक गोष्ट सांगतात. दुनळीत दुसरा बार तात्काळ हाताशी असतो. बोल्टच्या रायफलीत त्यासाठी हात हलवावा लागतो, अडसर ओढावा लागतो, त्याचा आवाज होतो आणि तेवढ्यात जनावर सावध होते. पेटीत पाच काडतुसे असली तरी शहाणा शिकारी पहिलेच काडतूस शेवटचे मानतो. ही त्या हत्याराची उणीव म्हणता येईल. तिला मी त्याची शिस्त म्हणेन.

या रायफलीच्या काळातला एक प्रसंग मुलांना फार आवडतो. ११ एप्रिल १९३० रोजी चौगडच्या वाघिणीच्या मागावर असताना कॉर्बेट यांना एका रातव्याच्या घरट्यात दोन अंडी दिसली. त्यांना पक्ष्यांच्या अंड्यांचा छंद होता. ती त्यांनी डाव्या हातात जपून घेतली. एका खडकाच्या कडेने वळताच वाघीण समोर, अवघ्या काही फुटांवर! अंडी हातात असल्यामुळे त्यांनी झटकन हालचाल केली नाही. रायफल हलकी असल्यामुळे ती एकाच हाताने हळूहळू वळवता आली. अचानक हालचाल न झाल्यामुळे वाघीणही झेपावली नाही. चौसष्ट माणसे मारणारी वाघीण तेथेच कोसळली. मग कॉर्बेट मागे गेले आणि त्यांनी ती अंडी जागच्या जागी ठेवली. अर्ध्या तासाने ते पुन्हा त्या वाटेने आले तेव्हा पक्षीण अंड्यांवर बसलेली होती. एका हातात मृत्यूचे साधन आणि दुसऱ्या हातात न फुटलेली अंडी. त्या माणसाचे याहून नेमके चित्र मला सुचत नाही.

तरीही त्यांना संत करण्याची आवश्यकता नाही. त्याच १९३० च्या हिवाळ्यात त्यांनी पवलगढचा प्रसिद्ध वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. त्याचा अपराध एवढाच की तो फार मोठा होता. त्या काळी रायफलीची मालकी म्हणजे प्रतिष्ठा होती आणि मोजदाद कातड्यांनी होत असे. डिसेंबर १९११ मध्ये सम्राट पंचम जॉर्ज यांच्या नेपाळातील शिकारीत थोड्याच दिवसांत ३९ वाघ मारले गेले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. ज्या यंत्राने नेम अचूक केला, त्यानेच संहारही सोपा केला. ठासणीच्या बंदुकीने जंगल रिकामे झाले नसते. पाच काडतुसांच्या रायफलीने, आणि पुढे मोटारी व प्रखर दिव्यांच्या जोडीने, ते होत चालले.

हे कॉर्बेट यांच्या लक्षात आले, हे त्यांचे मोठेपण. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वाघाची छायाचित्रे काढीत. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन कॉर्बेट यांनीही चलच्चित्राचा कॅमेरा हाती घेतला आणि जंगल राखण्याची गरज ते लोकांना सांगत राहिले. १९३६ साली भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान 'हेली राष्ट्रीय उद्यान' या नावाने स्थापन झाले. त्यामागे त्यांचाही आधार होता. स्वातंत्र्यानंतर त्याच उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल १९७३ रोजी 'व्याघ्र प्रकल्पा'चा आरंभ तेथूनच झाला.

कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचे गाव कॉर्बेट यांनी जमीन विकत घेऊन वसवले होते. रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून त्यांनी स्वखर्चाने गावाभोवती दगडी भिंत बांधली. प्रत्येक डुकराला गोळी घालत बसण्यापेक्षा भिंत बांधणारा हा शिकारी होता, हेही ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर १९४७ मध्ये बहीण मॅगी हिच्यासह ते केनियाला निघाले, तेव्हा ती जमीन कसणाऱ्यांच्याच हाती राहिली. न्येरी येथे १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आणि रायफल? तिचा पुढचा धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पहिले प्रसिद्ध पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाच्या मुंबई शाखेने प्रकाशित केले आणि ते जगभर गेले. कॉर्बेट यांच्यामागे ही रायफल त्याच प्रकाशन संस्थेकडे इंग्लंडमध्ये गेली. ज्यांनी तिची कथा छापली त्यांच्याकडेच ती कित्येक वर्षे राहिली. २०१५ साली ती मूळ निर्मात्या रिग्बी कंपनीकडे परतली आणि २०१६ साली कंपनीने ती काही दिवसांसाठी भारतात आणली. कालाढुंगीच्या लोकांनी, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दारे लावून रात्री काढल्या होत्या, ती पाहिली.

दरम्यान आपला देश बदलला. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याच्या बाबतीत गोरा-काळा हा भेद इतिहासजमा केला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ भरले. २०२२ च्या गणनेचा अंदाज ३,६८२ इतका आहे. आज एखाद्याजवळ आजोबांची जुनी बोल्टची रायफल असेल, तर ती परवान्यावर बाळगता येते, पुसून-तेल लावून जपता येते. तिने रानात शिकार मात्र करता येत नाही. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या वाघावर हत्यार उचलायचे झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणांसह लेखी आदेश द्यावा लागतो.

प्रश्न मात्र जुनाच आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या दारीही आला. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूस कारण मानली गेलेली 'टी-१' वाघीण २ नोव्हेंबरच्या रात्री गोळीने मारली गेली. तिच्यामागे दोन बछडे उरले. प्रकरण आधीच न्यायालयापर्यंत गेले होते. नंतरही वाद झाला. तिला बेशुद्ध करण्याचा पुरेसा प्रयत्न झाला का, असे काहींनी विचारले. दुसऱ्या बाजूला, कापूस वेचायला शेतात जायला धजत नसलेली कुटुंबे होती. शहरात बसून या दोहोंपैकी एकाच बाजूने बोलणे सोपे असते. कॉर्बेट यांचे मोल असे की त्यांना पाली गावची बंद दारेही दिसली आणि वाघिणीचे मोडलेले सुळेही दिसले.

म्हणून त्या मुलाला आता सविस्तर उत्तर देतो. बाळा, कागदोपत्री ती रायफल लंडनच्या कंपनीची आहे. पण बंदुकीची मालकी पावतीने वा परवान्याने पुरी होत नाही. नळीतून सुटलेली गोळी जेथे जाईल तेथपर्यंत, आणि तिने जे जखमी केले ते जेथे जाईल तेथपर्यंत, मालकाची जबाबदारी जाते. कॉर्बेट यांनी ती मान्य केली. रायफल कितीही जुनी झाली तरी ती त्यांचीच म्हणून ओळखली जाते, ती केवळ चांदीच्या पट्टीमुळे नव्हे.

ज्याच्या गोळीने चंपावतच्या वाघिणीचे सुळे मोडले, त्याच्या बंदुकीवर कसलीच पट्टी नाही. तो कोण होता हे इतिहासाला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी तो घरी गेला असेल, बंदूक खुंटीला अडकवून जेवायला बसला असेल आणि आज शिकार हुकली, एवढेच म्हणाला असेल.